हौसेची धूळ

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमचे एक स्नेही इटलीहून परत आले. तेथील टस्कनी प्रांतांत, पांढऱ्या मुरमाच्या रस्त्यांवरून, जुन्या घडणीच्या सायकलीवर बसून त्यांनीं एक संपूर्ण दिवस घालविला होता. आणि त्या दिवसाचीं छायाचित्रें दाखविण्यासाठीं त्यांनीं आम्हांस मुद्दाम घरीं बोलाविलें होतें. चित्रें खरोखरच सुंदर होतीं. द्राक्षांचे मळे, ऑलिव्हचीं झाडें, सुरूच्या उंच रांगा, टेकडीमागून टेकडी. आणि त्या सर्वांतून वळसे घेत गेलेला, दुधाच्या धारेसारखा दिसणारा रस्ता. एका चित्रांत आमचे स्नेही स्वतः होते. भुंवया, पापण्या, मिशा सर्व पिठाच्या गिरणींतून बाहेर पडल्यासारख्या पांढऱ्या झालेल्या, आणि मुद्रेवर असें समाधान, कीं जें आम्हीं त्यांच्या चेहऱ्यावर पगारवाढीच्या दिवशींहि कधीं पाहिलें नव्हतें.

त्यांच्या वृद्ध मातोश्री जवळच वाती वळीत बसल्या होत्या. आम्ही त्यांस काकू म्हणतों. त्यांनीं चष्मा सांवरून तें चित्र नीट न्याहाळलें आणि विचारलें, "ही पांढरी धूळ कसली रे?"

"रस्त्याची, आई."

"आणि ही खाण्यासाठीं पैसे भरावे लागले?"

"हो, भरावे लागले."

"आमचा अर्धा जन्म ही धूळ खाण्यांत गेला, तो बिनपैशांनीं," काकू म्हणाल्या. "गांवाला डांबरी रस्ता आला त्या दिवशीं तुझ्या वडिलांनीं पेढे वांटले होते, तें तुला आठवत नसेल."

आम्ही सर्व हंसलों; स्नेहीहि हंसले. परंतु घरीं परततांना तें हंसूं ओसरलें आणि काकूंचें बोलणें तेवढें मनांत उरलें. ज्या कष्टांतून सुटण्यासाठीं एका पिढीनें जिवाचें रान केलें, तेच कष्ट पुढच्या पिढीनें हौसेनें, पैसे मोजून, परमुलखांत जाऊन घ्यावे, यांत कांहीं गैर आहे काय? आणि दुसऱ्याच्या भूमीचें सौंदर्य केवळ पाहण्यासाठीं जो जातो, त्याचें त्या भूमीशीं नातें तरी कोणतें? गिऱ्हाइकाचें, पाहुण्याचें, कीं आणखी कशाचें? आतिथ्याचा धर्म आपल्या पूर्वजांनीं फार बारकाईनें सांगून ठेविला आहे. परंतु अतिथीचाहि कांहीं धर्म असतो, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो आज थोडा करून पाहावा असें आम्हांस वाटतें.

ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं प्रथम थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. सिएना शहराच्या उत्तरेस, कियान्तीच्या डोंगराळ भागांत गायोले नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें 1997 सालीं जियानकार्लो ब्रोच्ची नांवाच्या, त्याच भागांतल्या गृहस्थाच्या पुढाकारानें 92 सायकलस्वार जमले आणि आजूबाजूच्या कच्च्या रस्त्यांवरून फिरून आले. या उपक्रमाला त्यांनीं 'लेरोइका', म्हणजे 'वीरोचित', असें नांव दिलें. पुढें ऑक्टोबरच्या प्रारंभीं गायोलेस दरवर्षीं हा मेळा भरूं लागला आणि आतां त्यासाठीं देशोदेशींचे हजारों लोक तेथें येतात. ही शर्यत नव्हे. येथें पहिला-दुसरा असा नंबर लागत नाहीं. मात्र नियम कडक आहेत. सायकल 1987 पूर्वींच्या घडणीची असावी. गिअर बदलण्याची कळ हातांशीं नसून खालच्या नळीवर असावी. ब्रेकच्या तारा उघड्या असाव्या. पायडलास चामडी पट्टे असावे. अंगांत जुन्या तऱ्हेचा लोकरी सदरा असला तर उत्तम. सर्वांत लांबचा मार्ग 209 किलोमीटरांचा आहे. त्या मार्गाचे स्वार पहाटेंच्या काळोखांत दिवे लावून निघतात आणि त्यांतील कितीएकांस परत यावयास पुन्हां काळोख होतो. वाटेंत गांवकरी शिळा पाव व भाज्या घालून शिजविलेला दाट रस्सा, वाईनमध्यें भिजवून साखर लावलेला पाव, आणि वाईनहि देतात.

परंतु या मेळ्याचें मर्म सायकलींत नाहीं. तें रस्त्यांत आहे. या भागांतील जुने रस्ते तेथल्याच दगडाचा चुरा पसरून केलेले असतात. दगडाचा रंग फिका असल्यामुळें लोक त्यांस 'पांढरे रस्ते' म्हणतात. उन्हाळ्यांत त्यांची धूळ उडते आणि पावसाळ्यांत त्यांचा राडा होतो. चढावर चाक जागच्या जागीं फिरतें आणि उतारावर तें हाताबाहेर जातें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोटारी वाढल्या तसतसे हे रस्ते डांबराखालीं जाऊं लागले. जे थोडे उरले आहेत ते तरी राहावे, हा लेरोइकेच्या मूळ उद्देशांपैकीं एक होता. आज त्या मार्गावर कायमच्या खुणांच्या पाट्या लावलेल्या आहेत, व वर्षांतून केव्हांहि कोणीहि प्रवासी त्या पाट्या पाहात तो मार्ग पुरा करूं शकतो. 2007 पासून धंदेवाईक सायकलपटूंची एक मोठी शर्यतहि याच पांढऱ्या रस्त्यांवरून धांवून सिएनाच्या शंखाकृति चौकांत संपते. 2015 पासून स्त्रियांचीहि होते. ज्या रस्त्यांस मागासलेपणाचें चिन्ह समजत, ते रस्ते अशा रीतीनें त्या प्रांताचें भूषण होऊन बसले.

येथें काकूंचा आक्षेप अधिक धारदार होतो. कारण टस्कनीच्या या रमणीय देखाव्यामागें एक इतिहास आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. शेंकडों वर्षें तेथील शेती अर्धेलीनें होत असे. जमीन व घर मालकाचें, कष्ट कुळाचे, आणि पीक निम्में-निम्में. करार एकट्या पुरुषाशीं नसे, सबंध कुटुंबाशीं असे. घरांतील लग्नकार्यासहि पुष्कळदां मालकाची संमति लागे. कुळानें जमिनीवरच राहावें अशी मालकाची सोय असल्यामुळें घरें गांवांत एकत्र न होतां एकेका टेकडीवर एकेकटीं उभीं राहिलीं. आज आपण ज्या चित्रास भुलतों तें एकटें घर, त्याकडे जाणारी ती सुरूंची रांग आणि ती नागमोडी वाट, ही सर्व रचना चित्रकारानें केलेली नाहीं. ती एका शेतकी कराराची आकृति आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः 1950 नंतरच्या वीस वर्षांत, हीं कुटुंबें झुंडीनें जमीन सोडून शहरांकडे व कारखान्यांकडे निघून गेलीं. 1964 सालीं इटलीच्या कायद्यानें असे नवे करार करण्यास बंदी घातली. घरें ओस पडलीं. पुढें त्यांतलीं पुष्कळशीं शहरांतल्या व परदेशांतल्या सुखवस्तु लोकांनीं घेतलीं, आणि आतां त्यांत सुटी घालवावयास आलेले पाहुणे उतरतात.

तेव्हां जो पाहुणा त्या रस्त्यावर हौसेनें घाम गाळतो, तो ज्यांचा घाम त्या रस्त्यावर नाइलाजानें गळला त्यांची थट्टा करीत नाहीं काय? हा प्रश्न टाळतां येण्याजोगा नाहीं. कोणी असें उत्तर देईल कीं शेतकऱ्यास आपल्या भूमीचें सौंदर्य दिसतच नाहीं. तें पाहावयास बाहेरचा डोळा लागतो. म्हणून बाहेरच्यानें तें पाहिलें तर बिघडलें काय? हें उत्तर आम्हांस उद्धटपणाचें वाटतें. ज्यानें सुरूचें रोप लाविलें, त्यानें तें कोठें लावावें हें डोळे मिटून ठरविलें नव्हतें. आपल्याकडेहि बांधावर आंब्याचें झाड राखणारा मनुष्य केवळ कैऱ्यांचा हिशेब करीत नाहीं. कष्टकऱ्यास सौंदर्य दिसत नाहीं असें नव्हे. त्याला तें पाहात उभें राहावयास सवड नसते, इतकेंच. आणि त्याची सवड व आपली सवड यांतील हें अंतर हाच तर प्रश्नाचा गाभा आहे.

हा प्रश्न नवा नाहीं, हें पाहावयाचें असेल तर त्याच सिएना शहराच्या नगरभवनांत जावें. तेथील एका दालनाच्या भिंतींवर 1338 व 1339 या सालांत अम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकारानें चांगल्या व वाईट राज्यकारभाराचीं प्रचंड चित्रें रंगविलीं. चांगल्या कारभारानें नगर कसें नांदतें हें दाखवून झाल्यावर चित्रकार आपणांस वेशींतून बाहेर, खेड्यांच्या प्रदेशांत नेतो. तेथें टेकड्या आहेत, द्राक्षांचे मळे आहेत, पेरणी आहे, मळणी आहे. आणि वेशींतून खालीं उतरणारा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावरून भरजरी पोशाखांतले सरदार व स्त्रिया घोड्यांवर बसून ससाण्यांच्या शिकारीस चालल्या आहेत. आणि समोरून एक शेतकरी आपलें डुक्कर हांकीत शहराकडे चढ चढतो आहे. हौस खालीं उतरते आहे, कष्ट वर चढताहेत, आणि रस्ता एकच आहे. चित्रकारानें दोघांपैकीं कोणासहि रस्त्यावरून हांकलून दिलेलें नाहीं. मात्र त्या सर्वांच्या डोक्यावर, अंतराळांत, त्यानें अभयाची देवता रंगविली आहे. तिच्या एका हातांत, सर्वांनीं निर्भयपणें जावें-यावें आणि निर्भयपणें पेरावें अशा अर्थाचा लेख आहे, आणि दुसऱ्या हातांत फांसाचा खांब आहे.

समोरच्या भिंतीवर वाईट कारभाराचें चित्र आहे. तेथें शेतें उजाड आहेत, गांवें जळताहेत, आणि रस्त्यावर सैनिकांखेरीज कोणी नाहीं. याचा अर्थ आम्ही असा घेतों कीं, रमणीय रस्ता हें निसर्गाचें दान नव्हे. तें मनुष्यांनीं परस्परांशीं ठेविलेल्या वर्तनाचें फळ आहे. ज्या प्रदेशांत परक्या मनुष्यानें, त्यांतहि एकट्या स्त्रीनें, सायकलीवरून निर्भयपणें डोंगर ओलांडावा, त्या प्रदेशानें तें अभय पिढ्यान् पिढ्या कमावलेलें असतें. सिएनाच्या दक्षिणेस ओर्चा नदीचें खोरें आहे. 2004 सालीं युनेस्कोनें त्याची गणना जगाच्या वारशांत केली, ती रानावनाबद्दल नव्हे; सुराज्याच्या कल्पनेस अनुसरून मनुष्यांनीं घडविलेली भूमि म्हणून. पाहुणा जें पाहून आनंदतो तें दुसऱ्यांचें संचित आहे. त्याचें मोल प्रवेशाच्या शुल्कांत भरून निघत नाहीं.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. स्वेच्छेनें घेतलेले कष्ट आणि लादलेले कष्ट यांचा संबंध काय? आपल्या भाषेंत यासाठीं दोन फार समर्पक शब्द आहेत: उपवास आणि उपासमार. दोहोंतहि पोट रिकामेंच असतें. वैद्यानें तपासलें तर त्यास फारसा भेद आढळणार नाहीं. परंतु एक मनुष्यास मोठा करतो आणि दुसरी त्यास चिरडते, कारण एकीकडे निवड आहे, दुसरीकडे नाहीं. म्हणून उपवास करणारा उपाशी माणसाची थट्टा करतो असें आपण म्हणत नाहीं. परंतु केव्हां म्हणत नाहीं? तो उपवासानें थोडा नम्र झाला असेल तर. आपण नको म्हणूं शकतों आणि शेजारचा म्हणूं शकत नाहीं, ही जाणीव त्यास त्या रिकाम्या पोटीं झाली असेल तर. उलट उपवासाचें प्रदर्शन मांडून, फराळाच्या ताटांचें कौतुक सांगत बसणारा मनुष्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण त्याच्यासाठींच झाली. पांढऱ्या रस्त्यावर दर थांब्याशीं वाईनचा पेला घेणाऱ्या स्वारासहि ती म्हण लागूं पडेल कीं नाहीं, हें त्या पेल्यावरून ठरत नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं काय बोलतो यावरून ठरतें. मीं किती सोसलें एवढेंच तो बोलत असेल तर ती एकादशी दुप्पट खाण्याचीच. येथें रोज सोसणारे कसे सोसत असतील, हा विचार त्याच्या मनांत आला असेल, तर तो उपवास.

यावर काकूंसारखें कोणी म्हणेल, "जाणीव झाली, ठीक, पण त्या जाणिवेनें माझी धूळ खालीं बसली काय?" हा सवाल रास्त आहे, आणि त्याचें उत्तर नुसत्या भावनेनें देतां येत नाहीं. रस्ता कच्चा राहावा असें पाहुण्यास वाटतें, कारण त्याला त्यावरून एक दिवस जावयाचें आहे. गांवकऱ्याला त्यावरून रोज जावयाचें आहे. त्याच्या घरीं आजारी माणूस आहे, शाळेंत जाणारें मूल आहे. सौंदर्यप्रेमी मनुष्याच्या सुखासाठीं त्यानें जन्मभर चिखल तुडवावा, असें म्हणण्याचा अधिकार जगांत कोणासहि नाहीं. आमच्या मतें येथें गांवकऱ्याचाच शब्द शेवटचा असला पाहिजे. लेरोइकेचें आम्हांस जें कौतुक वाटतें त्याचें एक कारण हेंच आहे कीं, तिचा आरंभ बाहेरून आलेल्या हौशी लोकांनीं केला नाहीं. आपल्या रस्त्यांविषयीं ममता असलेल्या तेथल्याच माणसांनीं केला. बाहेरच्यानें 'तुम्ही असेच राहा' म्हणणें आणि घरच्यानें 'आम्ही हें राखूं' म्हणणें, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

दुसरें कारण याहून खोल आहे. प्रवाशांच्या सोयीसाठीं भूमि बदलण्याची रीत आज सर्वत्र चालूं आहे. डोंगर चढवत नाहीं, मग मोटार शिखरापर्यंत न्या. समुद्र दिसत नाहीं, मग मधलीं माडांचीं झाडें तोडा. रस्ता अरुंद आहे, मग डोंगर पोंखरा. पाहुणा जसा आहे तसा राहतो आणि घराच्या भिंती पाडल्या जातात. येथें तो क्रम उलटा केलेला आहे. रस्ता जसा आहे तसा राहील. बदलावयाचें असेल तर तूं बदल. तुझी सायकल जुनी आण, तुझा वेग कमी कर, चढावर खालीं उतरून चाल, धूळ उडेल ती सोस. रस्त्यानें प्रवाशापुढें नमावें कीं प्रवाशानें रस्त्यापुढें, या प्रश्नास येथें एक स्पष्ट उत्तर दिलेलें आहे, आणि तें उत्तर पाहुण्याच्या धर्माचें पहिलें कलम ठरावें असें आम्हांस वाटतें. पाहुण्यानें घराच्या चालीरीतींस अनुसरावें, हें आपल्या आयांनीं आपणांस लहानपणींच शिकविलें होतें. सायकल हें वाहन तर या शिकवणुकीस विशेष अनुकूल आहे. आपल्याकडे जुने लोक तिला पायगाडी म्हणत. तो शब्द मोठा अन्वर्थक होता. ती गाडी असली तरी पायांवर चालते. चढ आला कीं तो मांड्यांस समजतो, वारा फिरला कीं तो छातीस समजतो. मोटारींतल्या मनुष्यास देश दिसतो. पायगाडीवरच्यास तो लागतो, आणि कधीं कधीं बोचतोहि.

तथापि येवढ्यानें ऋण फिटलें असें समजूं नये. प्रवासी आणि भूमि यांचें नातें देण्याघेण्याच्या चोपडींत मावत नाहीं, हें टस्कनीच्या व तिच्या शेजारच्या भूमींतच आपल्या दोन माणसांच्या कथेवरून आम्हांस विशेष जाणवतें. पहिले कोल्हापूरचे राजाराम महाराज. 1870 सालीं ते विलायतेच्या प्रवासास गेले. प्रवासांत ते रोजनिशी ठेवीत, व ती पुढें 1872 सालीं इंग्रजींत छापून निघाली. परत येतांना फ्लॉरेन्स शहरीं ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजीं, उण्यापुऱ्या वीस वर्षांच्या वयांत, तेथेंच वारले. त्या काळीं इटलींत दहनाची रूढि नव्हती. तरीहि नगराच्या अधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांचे अंत्यसंस्कार हिंदु रीतीप्रमाणें झाले. तेथें 1874 सालीं उभारलेली छत्री व तिच्याखालील अर्धपुतळा आजहि आहे. जवळच्या पुलास लोक 'हिंदी माणसाचा पूल' याच अर्थाच्या नांवानें ओळखतात. झाडींतून सायकलीवर फिरावयास निघालेले लोक आज त्या छत्रीपाशीं येऊन टेंकतात. पाहावयास आलेल्या एका तरुण प्रवाशास त्या भूमीनें काय दिलें? त्याच्या धर्माप्रमाणें शेवटची जागा दिली. याची किंमत कोणत्या नाण्यांत करावयाची?

दुसरी कथा तिथून पूर्वेकडच्या, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांतली आहे. 10 जुलै 1944 रोजीं तेथें पांचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह चढाई करीत होते. मशीनगनच्या माऱ्यांत त्यांच्या तुकडींतील इतर सर्वजण पडले किंवा जायबंदी झाले. घाडगे एकटेच पुढें धांवून गेले, त्यांनीं तो मोर्चा जिंकला, आणि तेथेंच दुसरीकडून आलेल्या गोळीनें ते ठार झाले. वय बावीस वर्षें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मात्र सांपडला नाहीं. माणगांवकडचा हा कोंकणी तरुण त्या रस्त्यांची धूळ खावयास हौसेनें गेला नव्हता. त्यानें पैसे भरले नव्हते. आणि सुरूंची रांग पाहात उभें राहावयास त्यास सवड मिळाली असेल असें वाटत नाहीं. इटलीच्या रणभूमीवर पांच हजारांहून अधिक हिंदी सैनिक याच रीतीनें राहिले. 2023 सालीं मोन्तोने या गांवीं घाडग्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र उभारण्यांत आलें. सर्व मनुष्यें एकाच सूर्याखालीं राहतात, अशा अर्थाचें वचन त्यावर कोरलेलें आहे. त्या भूमीवरून आज जो मराठी प्रवासी आनंदानें सायकल चालवितो, त्याच्या निर्भय रस्त्याच्या किंमतींतला कांहीं भाग माणगांवच्या एका घरानें भरलेला आहे, हें त्यास ठाऊक असावें कीं नसावें?

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच ऋणी मानला: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. तीं ऋणें फेडून संपवावयाचीं नसतात. तीं ओळखून वागावयाचें असतें. आम्हांस वाटतें, त्यांत प्रवाशापुरती आणखी एका ऋणाची भर घालावी: रस्त्याच्या ऋणाची. ज्यानें रस्ता बांधला, ज्यानें त्यावर ओझीं वाहिलीं, ज्यानें तो निर्भय केला, आणि जो आज त्याच्या कडेला राहतो, त्या सर्वांचें तें ऋण. हें जो ओळखतो त्याच्या हौसेस कोणीं नांव ठेवूं नये. हौस हें पाप नव्हे, आणि आनंदी मनुष्याकडे आठ्या घालून पाहणें हा कांहीं सदाचार नव्हे. जो ओळखत नाहीं, तो घाम गाळूनहि केवळ गिऱ्हाईकच राहतो. आपल्याकडेहि आतां तरुण मंडळी कोंकणच्या किनाऱ्यानें, घाटाघाटांतून सायकलीवर फिरूं लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आपल्या चढावर जी धूळ व जे दगड त्यांस मौजेचे वाटतात, त्यांच्याशीं कोणाचा तरी रोजचा संसार जडलेला आहे, हें त्यांनीं विसरूं नये. त्या वाटेवरून डोक्यावर भारा घेऊन एखादी बाई येत असेल, तर सायकल कडेला घेऊन तिला वाट द्यावी. एवढें लहानसें कृत्यहि पुष्कळ सांगून जातें.

त्या संध्याकाळचा एक प्रसंग आम्हीं मुद्दाम मागें ठेविला आहे. सर्व चित्रें पाहून झाल्यावर स्नेह्यांनीं शेवटचें, त्यांच्या मतें सर्वोत्तम, असें एक चित्र काढलें. उंच टेकडी, तिच्यावर एकटें दगडी घर, दोहों बाजूंस सुरू, आणि खालून वर चढत गेलेली ती पांढरी वाट. आम्ही मंडळी वाहवा करूं लागलों. काकू बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं त्या वाटेवरून बोट फिरवीत विचारलें, "विहीर कोठें आहे रे ह्यांची? खालींच असणार. मग ह्या घरची बाई पाणी घेऊन एवढा चढ दिवसांतून किती वेळां चढत असेल?"

आमच्या स्नेह्यांस तें ठाऊक नव्हतें. ते त्या टेकडीवरून सायकल चालवीत गेले होते, त्या घरापाशीं थांबून त्यांनीं पाणीहि प्याले होते. परंतु हा प्रश्न त्यांस सुचला नव्हता. काकू कधीं आपल्या जिल्ह्याबाहेर फारशा गेल्या नाहींत. पण त्या रात्रीं आम्हांस असें वाटलें कीं, त्या टेकडीवर खरी कोणी जाऊन आली असेल, तर त्याच.